पाच मिनिटांचा पाठ

सन २००९चा वैशाख. कोरडवाहू शेती सोडून शहरांच्या कडेला येऊन वसलेल्या कुटुंबांच्या मुलांना दोन वर्षे शिकविण्यासाठी नव्या पदवीधरांची निवड चालली होती. अकोल्याच्या एका महाविद्यालयात प्रत्येकाने पाच मिनिटांचा पाठ घ्यावयाचा आणि इतर उमेदवारांनी विद्यार्थी व्हावयाचे, अशी रीत होती. अमरावतीच्या गोपाळकृष्णशास्त्र्यांची कन्या निधी फळ्यापाशी उभी राहिली. निवड न झाल्यास बँकेच्या परीक्षेस बसण्याचे वचन वडिलांनी तिच्याकडून घेतले होते.

"पाव मोठा की तिसरा हिस्सा?"

"पाव! चार तिनाहून मोठे नाही का, मॅडम?" मागच्या बाकावरून अकोल्याचा शुभंकर म्हणाला. मुद्रा गंभीर, डोळे मात्र निधीला खट्याळ वाटले.

निधीने आकृती काढून समजाविले. शुभंकर सोडून सगळ्यांनी माना डोलविल्या.

"मले नाही समजलं."

पुन्हा समजाविले.

"अजून नाही."

परीक्षकांनी घड्याळ पाहिले. निधीचे कान तापले... पण ती हटली नाही. फळा सोडून ती थेट त्याच्या बाकापाशी गेली आणि ओढणीचे एक टोक त्याच्या हाती दिले.

"धर. आधी तीन घड्या. आता उलगड... चार."

घडीगणिक दोघांतले अंतर सरत गेले.

"अवं माय, अंतरपाट धरला का काय!" पुढून जमुना नावाची उमेदवार ओरडली. वर्ग खदखदला.

शुभंकर घडीकडे पाहतच राहिला. "चार केल्या तं... लहान झाली!"

बाहेर कडुनिंबाखाली निधीने त्याला गाठले. "मुद्दाम छळलंत ना मला?"

"नाही जी. शाळेत मी अशीच खोटी मान हलवत गेलो, अन् गणितात नापास झालो. तुमच्यासमोर खोटं बोलावंसं नाही वाटलं. पण वर्गात मले 'तू' म्हणत होत्या, आता 'तुमी' कावून?"

"तिथे मी शिक्षिका होते," ती म्हणाली, आणि नजर अकारण कडुनिंबाकडे वळली.

सायंकाळी यादी लागली. दोघांचीही निवड झाली होती. निधीला अकोल्याची वस्ती मिळाली, शुभंकरला अमरावतीची.

"घ्या! मी तुमच्या गावात, तुमी माह्या गावात. दोन वर्षं!" तो हसला खरा, पण ते हसू ओठांवरच विरले.

निधीने मान वर केली.

"मूर्तिजापूर दोघांच्याही वाटेत लागतं... रविवारी घरी जाताना तिथे उतराल?"

"कोणत्या रविवारी?"

"प्रत्येक."