तक्रारपेटीतला अर्ज

कृष्णकांत बोर्डावर नोटीस लावत होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "हे इंग्रजी कुनासाठी वो? साहेबांच्या बायकोसाठी?"

तो दचकून वळला आणि टाचणी बोटात रुतली. पॅकिंगमधली रोहिणी उभी होती, शिरढोणची. ओठांवर हसू, पण डोळ्यांत सरळ प्रश्न.

सत्त्याण्णव साल होतं. कामाच्या जागी बायकांना कुणी त्रास दिला तर दाद कुठे मागायची, याचे नियम सुप्रीम कोर्टाने नुकतेच घालून दिले होते. पनवेलजवळच्या त्या औषधांच्या कारखान्यात ते लागू करायचं काम या लाजऱ्या कारकुनाच्या गळ्यात पडलं होतं. जेवणाची सुट्टी मोडून त्याने सगळं मराठीत उतरवलं. तक्रारी ऐकणाऱ्या समितीची अध्यक्ष बाईच हवी होती. बायकांनी एकमुखाने रोहिणीचं नाव दिलं.

आणि काय बाई होती ती! पहिल्याच महिन्यात तिने पोरींची छेड काढणाऱ्या मालकाच्या मेहुण्याला समोर बसवून माफी मागायला लावली, तीही आवाज न चढवता. कृष्णकांत समितीच्या बैठकीत टिपणं घ्यायला बसे आणि तिच्याकडेच बघत राही. गडी पुरता कामातून गेला होता.

पण लग्नाचं विचारायचं कसं? तिला वावगं वाटलं तर नोकरी जाईलच, पण तिच्या नजरेतूनही तो उतरेल... शेवटी त्याने सरळ पत्र लिहिलं आणि तक्रारपेटीत टाकलं, किल्ली तिच्याकडे असते म्हणून. पेटी सगळ्या समितीसमोरच उघडायची, हा नियम आपणच लिहिलाय, हे शहाणा साफ विसरला!

सोमवारी बैठकीत रोहिणीने पत्र उघडलं आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली.

"मोठ्यानं वाच, बेटी," नियमाप्रमाणे कारखान्याबाहेरून घेतलेल्या सदस्या ताहिराबाई म्हणाल्या. "उसूल म्हणजे उसूल."

तिने वाचलं. शेवटच्या अक्षरापर्यंत. कृष्णकांतला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ही तक्रार कुनाविरुद्ध हाय?" तिने विचारलं.

"माझ्याच..."

"आनि मी नाय म्हटलं तर?"

"तर पुन्हा विचारणार नाही. तुमच्या कामालाही धक्का लागणार नाही... शेवटी लिहिलंय तसं."

ताहिराबाई ओढणीआड हसत होत्या. रोहिणी मात्र हसली नाही. तिने पत्राची हळुवार घडी घातली.

"चार स्थळं येऊन गेली मला बघायला," ती म्हणाली, "पन मला नाय म्हनता येईल असं कुनी विचारलंच नव्हतं कधी."

"मग...?"

"मग काय," तिचा आवाज पहिल्यांदाच कापला, "हो म्हनते मी."