शेंग धरेपर्यंत

"कोन शे वं? मन्हा हरभरामा काय करी ऱ्हायनी?"

मी बांधावर उकिडवी बसून एका इवल्याशा पिवळ्या फुलाकडे भिंगातून बघत होते. दचकून वळले, तर समोर हा... ललित. अमळनेरच्या कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं, तसा गडी एकदम शुद्ध मराठीत आला.

"हरभरा चोरायला भिंग लागतं होय, मॅडम?"

"तुमचा हरभरा तुम्हालाच लखलाभ! हे बघा – चार पाकळ्या, सहा पुंकेसर. चार लांब, दोन आखूड. मोहरीच्या घराण्यातलं आहे."

त्यानं पान चुरगळून चाखलं. "तिखट शे! तुमच्यासारखं. नाव काय?"

"फुलावरून घराणं कळतं. नावासाठी शेंग धरायला हवी."

मग मी दर रविवारी जाऊ लागले. एका फुलासाठी एवढ्या फेऱ्या लागत नाहीत, हे काय मला कळत नव्हतं? पण त्याच्या सदऱ्याला येणारा हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेचा वास... जाऊ दे!

एकदा झुडपात अडकलेली माझी ओढणी सोडवता सोडवता तो म्हणाला, "मयुरी... शेंग धरली की घरी आबांशी बोलतो. आपल्या लग्नाचं. तोवर या बांधाला विळा लागणार नाही – शप्पथ!"

मी वेडी! धुळ्याचं चांगलं स्थळ परत पाठवलं. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

होळीच्या आधी गेले, तर बांध लख्ख. काडी नाही, फूल नाही. आमच्याकडे सोयरीक करायच्या आधी पोरीकडचे लोक पोराचं वावर बघायला येतात. बांध असा चकाचक होतो तो तेव्हाच. कुणी काही सांगायची गरजच पडली नाही.

"कुठले पाहुणे?"

"चोपड्याचे," तो मान खाली घालून म्हणाला. "आबांनी परस्पर ठरवलं... मी काय बोलणार?"

"अन् विळा? तोही आबांनीच चालवला?"

मी त्याचा हात ओढून नाकाशी धरला. बोटांना मोहरीचा तोच झणझणीत वास येत होता. असा जीव लावला होता मेल्याला! मला रडू फुटलं, आणि त्याच्यासमोर फुटलं म्हणून जास्तच संताप आला.

मी तरातरा निघाले. मागून त्याचा आवाज आला, "मयुरी... ते फूल पुढच्या वर्षी येईल ना परत?"

"येईल की. तण आहे ते, कितीही कापलं तरी येतं," मी न वळता म्हणाले. "मी नाही येणार."