महादूच्या घरचं पाणी

सायकल मी उतारावरच चालवतो, हे आधी सांगून ठेवतो. चढ आला की उतरून ढकलतो, आणि कोणी विचारलंच तर चेन पडली म्हणतो. तरीही शेलार गावातल्या आमच्या तिघांच्या सायकल मंडळात मी होतो, कारण बैठक माझ्या गोदामाच्या ओट्यावर व्हायची आणि चहा माझा असायचा.

दिवा जरा इकडे ओढा. लाइट येईपर्यंत ऐका. कापडाचे लूम बंद पडले की भिवंडीत अशी शांतता पसरते की माणसाला खरं बोलावंसं वाटतं. माझ्या बाबतीत हे फार वेळा होत नाही. गावात बाळारामने सांगितलं म्हटलं की लोक अर्धं वजा करूनच ऐकतात. आज वजा करू नका.

मंडळात मुख्य माणूस माधव. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो भूगोलाचा मास्तर झाला आणि मी बापाच्या खाजण जमिनीवर गोदामं बांधून बसून खायला लागलो. तिसरी यामिनी, बँकेत अधिकारी. पंचेचाळीस वय आणि मांड्या लोखंडाच्या.

माधवला निवृत्तीच्या आधी एक मोठी राइड मारायची होती. शेलारहून पहाटे निघायचं, वाड्यावरून जव्हारच्या अंगाला जायचं, मग डांबरी सोडून एक उघडा माळ ओलांडायचा, कसाऱ्याकडे उतरायचं आणि दिवस मावळता घरी. दोनशे वीस किलोमीटर.

"घाट सगळेच चढतात रे," तो म्हणायचा. "माळ कोणी ओलांडत नाही."

तो माळ अडतीस किलोमीटरचा. झाड नाही, टपरी नाही, मोबाइलला रेंज नाही. वारा समोरून. मार्चचा दुसरा रविवार ठरला होता, म्हणजे ऊन काय असणार ते सांगायला नको.

माधवने महिनाभर नियोजन केलं. एक तक्ता केला. किलोमीटर, खूण, पाणी, माणूस असे त्याचे रकाने. शेवटच्या रकान्याबद्दल तो फार कडक होता. "विहीर आटते, नळ बंद होतो. पाण्याजवळ माणूस पाहिजे. त्याचं नाव लिहून आण." शिवाय प्रत्येकासाठी ड्रॉइंग पेपरचं एक कार्ड केलं होतं. प्रत्येक थांब्यापुढे 'आलो', 'निघालो' आणि तिथल्या माणसाची सही. वेळा आपण लिहायच्या, सही त्याने करायची. सही येत नसेल तर अंगठा.

माळावरची पाहणी माझ्या वाट्याला आली. त्याच्या आठवडाभर आधी गोदामाचं शटर माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडलं होतं. नख काळंठिक्कर. डॉक्टर म्हणाले, चार-सहा महिन्यांत पडेल, खालून नवं येईल. त्यामुळे सायकलवरून माझी सुटका झाली होती. पण गाडीने जाऊन बघून यायला काय हरकत, असं माधवचं म्हणणं.

गुरुवारी निघालो. जाताना अकलोली लागते. म्हटलं, दुखरा पाय पाच मिनिटं गरम कुंडात बुडवू आणि पुढे जाऊ. पाण्याला तो गंधकाचा वास, वाफ, वर कोवळं ऊन. पाच मिनिटांचे दोन तास झाले. मग वडापाव. मग धर्मशाळेच्या पडवीत जरा पाठ टेकली. तेवढ्यात बायकोचा, नेत्राचा फोन आला.

"पोचलाव का माळावर?"

"पोचतोच हाय," मी म्हटलं. घड्याळात बारा वाजले होते. फोन ठेवला आणि झोपलो.

उठलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आता कुठला माळ? तिथेच बसून माधवचा तक्ता भरायला घेतला. एरवी थाप मारायची तर मलाही मिनिट-दोन मिनिटं विचार करावा लागतो. त्या दिवशी पेन्सिल थांबेना. किलोमीटर एकशे एकतीस. एकटं मोहाचं झाड. मागे कुडाचं घर, दार निळं. माणूस महादू, वय सत्तर. डाव्या हाताला करंगळी नाही. पाणी रांजणात, झाकणावर करवंटी उलटी. बारा महिने पाणी, गोड.

माधवने ते वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले हो. "बाळ्या, करंगळीसुद्धा पाहिलीस. मी उगाच तुला कामचुकार समजत होतो."

मीही नम्रपणे मान खाली घातली.

रविवारी पहाटे चारला ते ओट्यासमोरून निघाले. निरोप द्यायला मी चहा घेऊन उभा होतो. सायकलींकडे पाहिलं आणि माझ्या हातातली किटली जड झाली. प्रत्येकी चार बाटल्या ठरल्या होत्या. दोनच दिसत होत्या.

"बाकीच्या कुठे?"

"काढल्या," माधव म्हणाला. "चार किलो वजन वाचलं दोघांचं. मध्यावर तुझा महादू आहे ना."

"असू दे की रे. घ्या अजून दोन-दोन."

"दादा, तुम्ही पाहणी केलीत म्हणून तर काढल्या," यामिनी हसून म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा लावला.

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण माधवच्या तोंडावरचा तो विश्वास बघितला आणि मी किटलीचं झाकण लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला कामाचा माणूस म्हटलं होतं. दोघांचे मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले.

दहा वाजेपर्यंत कसाबसा बसलो. फोन लावला तर दोघांचेही बंद. उन्हाकडे बघत होतो आणि डोळ्यांसमोर माधव दिसत होता. अठ्ठावन्न वर्षांचा, रिकामी बाटली घेऊन, नसलेलं झाड शोधत फिरणारा. शेवटी पाण्याचे दोन जार गाडीत चढवले.

"अंगठा दुखतो ना तुमचा? मंग जार कशाला उचलताव?" नेत्राने विचारलं.

"गरज हाय," एवढंच म्हणालो.

अंबाडीच्या अलीकडे कंटेनर आडवा पडला होता. पुढे ट्रक, मागे ट्रक. गाडी बंद करून बसलो. काचेतून ऊन, डिझेलचा वास, घामाने सीट ओली. आणि अगदी कानाशी कोणीतरी हाक मारली. "बाळूदादा…"

यामिनीचा आवाज. मी दचकून मागे पाहिलं. मागच्या सीटवर फक्त दोन जार. माझा डावा पाय एकदा आपोआप उडाला, झोपेत उडतो तसा. शेजारच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून विचारलं, "क्या हुआ, सेठ?"

"कुछ नहीं," म्हटलं. वेळ लक्षात आहे, कारण दर दोन मिनिटांनी मी घड्याळच बघत होतो. बारा वाजून दहा.

पावणेदोनला माधवचा फोन आला. मी अजून तिथेच होतो. वाऱ्यामुळे आवाज तुटत होता, पण माणूस आनंदात होता. "माळ संपला! तुझा महादू देवमाणूस आहे रे."

मग वाटलं, कळलंय याला. माझी थाप याने पकडली आणि आता माझीच गंमत करतोय. हायसं वाटलं. जार तसेच घेऊन घरी आलो.

संध्याकाळी सातला दोघे ओट्यावर आले. शर्टांवर मिठाचे पांढरे नकाशे, चेहरे तांबूस. माधव बाकावर आडवाच झाला.

"एकशे एकतीसला सगळं जसंच्या तसं," तो म्हणाला. "झाड, निळं दार, करवंटी. हातसुद्धा पाहिला मी त्याचा."

"माधव, पुरे आता," मी म्हटलं. "कबूल. मी गेलोच नव्हतो. अकलोलीला झोपलो होतो. तिथे कोणी महादू नाही."

माधव उठून बसला. तो थापा मारत नाही. त्याला येतच नाहीत, शाळेतही मार खायचा त्यापायी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू हळूहळू तोंडावरून उतरलं.

"तू होतास की तिथे," तो म्हणाला.

मी यामिनीकडे पाहिलं. ग्लासातलं पाणी तिने घोटभरसुद्धा प्यायलं नव्हतं.

"दादा, मला वाटलं, तुम्ही आम्हाला चकित करायला गाडीने आलात," ती हळू आवाजात म्हणाली. "आत अंधार होता. खाटेवर कोणीतरी झोपलं होतं, तोंडावर चादर. पाय तेवढे दाराकडे. डाव्या अंगठ्याचं नख काळं."

मी पाय बाकाखाली ओढले.

"घरात वास होता," ती म्हणाली. "तुमच्या त्या अकलोलीच्या कुंडांना येतो ना, तसला. माळावर गंधक कुठून येणार?… मी उंबऱ्यावरून हाक मारली. बाळूदादा म्हणून."

"मग?"

"पाय हलला. एकदाच."

समोर एका लूमवाल्याच्या शिफ्टचा भोंगा झाला.

"म्हातारा लगेच मधे आला," यामिनी म्हणाली. "म्हणाला, निजलेल्याला जागं करू नका बाय. परत जायची वाट चुकंल त्याची."

माधवने कमरेची पिशवी उघडली आणि तीन कार्डं बाकावर ठेवली. माझं कार्ड त्याने आधीच करून ठेवलं होतं. मी गळालो तरी ते पिशवीत राहिलं होतं.

"त्याने आमच्या कार्डांवर अंगठे दिले," माधव म्हणाला. "मग म्हणाला, तिसरं द्या. मी म्हटलं, तिसरा आलाच नाही. तर म्हणाला, आला की, गुरुवारचाच आलाय. ऊन डोक्यावर होतं. मला वाटलं, पाहणीबद्दल बोलतोय. मी लिहिलं."

माझ्या कार्डावर एकशे एकतीसच्या ओळीत माधवच्या वळणदार अक्षरात होतं, 'आलो: गुरुवार, १२.००'. त्याच्यापुढे काजळीचा अंगठा. मधला रकाना कोरा.

"निघालो कधी, ते नाही लिहिलंस?"

"विचारलं मी," माधव माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हणाला, निघेल तवा लिहू."

या गोष्टीला मागच्या मार्चमध्ये दोन वर्षं झाली. माधव निवृत्त झाला. यामिनी आता फक्त कशेळीच्या पुलापर्यंत सायकल नेते, तीही सकाळी, गर्दीत. माळावर पुन्हा कोणी गेलं नाही. मी एकदा निघालो होतो, खाटेवरच्या त्याला उठवायला. वाड्यापर्यंत जाऊन परत फिरलो. तिथे निळ्या दारात उभं राहून हाक मारली आणि तो उठला, तर मग इथे जो तुमच्याशी बोलतोय त्याचं काय, ते मला ठरवता येईना.

लाइट आली वाटतं. लूम सुरू झाले, ऐका. आता मी नेहमीसारखा बोलायला लागेन, तेव्हा एवढं एक बघून घ्या.

चप्पल काढतो. हा डावा पाय. डॉक्टर म्हणाले होते, चार-सहा महिन्यांत नख पडेल. दर रविवारी मी नेलकटर घेऊन बसतो. नऊ नखं कापतो. हे दहावं त्या गुरुवारपासून तसूभरही वाढलेलं नाही.