यातला जुना कोणता

त्या काळी शेअर म्हणजे कागद असायचा. जाड, फिकट हिरवा, कडेला बारीक वेलबुट्टी. कंपनीच्या शेअर विभागात मी एकतीस वर्षं काढली. अजूनही डोळे मिटले की शाईचा आणि सुकल्या गोंदाचा तो वास येतो. माझं टेबल खिडकीजवळ होतं. शेअर दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायची आणि जुळली की शिक्का मारायचा, एवढंच काम. सही माणसाच्या आधी म्हातारी होते, हे मी तिथं शिकले.

माझ्या सासऱ्यांचे, मामंजींचे, आमच्याच कंपनीत शंभर शेअर होते. कंपनी निघाली तेव्हा सायकल आणि मनगटी घड्याळ विकून घेतलेले. छत्तीस वर्षांत त्यांनी एकही विकला नव्हता. सगळ्या शंभरांचं मिळून सर्टिफिकेट एकच. ते कपाटात इस्त्रीच्या सदऱ्यांखाली असायचं.

मग कंपनीनं विभाजन जाहीर केलं. एका शेअरचे पाच. भाव फार चढला होता, लहान माणसाला परवडावा म्हणून. जुनी सर्टिफिकेटं परत घेऊन, भोक पाडून रद्द करायची आणि नवी पाठवायची.

"मी मागितलंय का काही?" मामंजी म्हणाले.

"अहो, शंभराचे पाचशे होतील."

"आणि भाव?"

"पाचवा हिस्सा. एकूण तेवढंच. तुमचं काही कमी होत नाही."

"जास्तही होत नाही ना? मग हात कशाला लावता?"

"बाबा, कंपनी तुमच्यासाठी अडून बसायची नाही," आमचे हे म्हणाले.

आठवडाभर कुरकुरून त्यांनी सर्टिफिकेट दिलं. भोक मीच पाडलं. शंभर-शंभराची पाच नवी आली, तेव्हा त्यांनी ती पलंगावर ओळीनं मांडली आणि कितीतरी वेळ बघत बसले.

"यातला जुना कोणता?"

"सगळे नवेच, मामंजी. आणि सगळे तुमचेच."

त्यांनी पाचही सर्टिफिकेटं उचलून सदऱ्यांखाली सारली.

पंधरा दिवसांनी कोपऱ्यावरचा पेपरवाला म्हणाला, "आजोबा आज दोनदा येऊन गेले. पैसे दोनदा दिले." मला वाटलं, वय झालं. मग एका दुपारी ह्यांना बसमधून मामंजी पुलावर उभे दिसले. त्या वेळी ते घरात होते. माझ्यासमोर शेंगा सोलत होते.

"भास झाला असेल," मी म्हटलं.

"माझ्या बापाची पाठ मी ओळखत नाही?" हे चिडले.

त्यानंतर माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. ऑफिसात एकच सही तीन-तीनदा ताडून पाहायची. घरी आले की आधी खुर्चीकडे नजर. मामंजी तिथंच असायचे, पण खुर्चीतली उशी दबलेली नसायची. त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा यायचा. ताटातलं बरंचसं तसंच राहायचं. कुठं दुखतं का विचारलं, तर म्हणायचे, "दुखत नाही गं. पुरत नाही."

त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वजनाचा काटा बारावर थांबला.

"बिघडला वाटतं," म्हणत त्या स्वतः चढल्या. एकाहत्तर. खाली उतरून त्यांनी मामंजींना पुन्हा उभं केलं.

बारा.

वर्षापूर्वीच्या कागदावर साठ होतं. बाईंनी आकडा लिहिलाच नाही. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दुसऱ्या विभाजनाचं परिपत्रक सगळ्यांच्या आधी माझ्या टेबलावर आलं. पुन्हा एकाचे पाच. मी बाराला पाचांनी भागलं. अडीच किलोही येईना.

एकच वाट दिसत होती. विभाजनासाठी भागधारकांच्या वहीतली नावं पक्की करायच्या तारखेआधी शेअर दुसऱ्याच्या नावावर गेले, की पुढचं विभाजन त्याच्या माथी. मामंजींचं नाव वहीत नसेल, तर त्यांना काही होणार नाही.

"विकून टाका," मी त्यांच्या पाया पडले. "माझ्यासाठी."

"छत्तीस वर्षं धरून ठेवलेत."

"म्हणूनच सांगते ना!"

त्यांनी पाचही अर्जांवर सह्या केल्या. घ्यायला पाच गावचे पाच जण मिळाले. अर्ज माझ्याच टेबलावर आले. सह्या पाहिल्या. पाचही हुबेहूब जुळल्या. मी शिक्के मारले. कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

संध्याकाळी घरी आले, तर खुर्ची रिकामी होती.

चपला दारात होत्या. चष्मा खिडकीत.

दवाखाने पाहिले. पोलिसांत गेलो. पुलाखालचं पाणीही पाहिलं. हे माझ्याशी बोलेनासे झाले.

दीड महिन्यानं विभागाच्या टपालात एका नव्या भागधारकाचं पत्र आलं. अक्षर नेटकं होतं. गाव मी कधी पाहिलेलं नव्हतं.

"शेअर मिळाले, आभारी आहे. त्यांच्याबरोबर आलेले वृद्ध गृहस्थ शांत आहेत, त्यांचा काही त्रास नाही. मात्र विभाजनानंतरची नवी सर्टिफिकेटं आल्यापासून ते आमच्या पाचही खोल्यांत एकाच वेळी असतात. मुलंही आता घाबरत नाहीत. फक्त एका गोष्टीचा खुलासा व्हावा. दिवे लागायच्या सुमारास ते सगळ्या खोल्यांतून, अगदी बारीक आवाजात, सूनबाईला हाक मारतात. आमच्या घरात सून नाही."