गोरक्षचा मेक्सिको

रेशनच्या रांगेत प्रेम जमायचं म्हणजे दोन्ही माणसं मुळातच हट्टी असावी लागतात. देवळाली प्रवऱ्याच्या त्या रांगेत चांगुणा दोन तास उभी होती, आणि तिचा नंबर आला तेव्हा दुकानदारानं गव्हाऐवजी तिच्या पिशवीत मका ओतला. बहात्तरच्या दुष्काळाचं ते पुढचं वर्ष. पिशवीत पडेल ते गोड मानून घरी जायचं. पण चांगुणा गोड मानणाऱ्यांतली नव्हती.

“ह्याची भाकरी थापली की तुकडं पडत्यात! जनावराला घालायची का मानसाला?”

“चुन्याच्या पान्यात शिजवा की,” मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं गर्रकन वळून पाहिलं. उंच, सावळा, निळा इस्त्रीचा सदरा... आणि ओठांवर असं हसू, की रागवावं की आपणही हसावं तेच कळेना.

“कशात शिजवू?”

“चुन्याच्या पान्यात. शिजवून रातभर भिजू द्यायचा, सकाळी खळखळून धुवायचा अन् पाट्यावर वाटायचा. मग भाकरी तुटत न्हाई. मेक्सिकोत समद्या बायका अशीच करत्यात.”

“कुटं म्हनला?”

“मेक्सिको. अमेरिकेच्या खाली हाय. समुद्राकाठची गावं. आमची बोट लागायची तितं.”

सगळी रांग खो खो हसली. चांगुणाही हसली. पण घरी पोचेपर्यंत तो निळा सदरा काही डोक्यातून जाईना, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

सांगायची गरजही पडली नाही. लंकाबाई आत्याला गावातल्या प्रत्येक सदऱ्याची माहिती असे. “तो व्हय? काकासाहेबाचा गोरक्ष. परवाशांच्या बोटीवर भटारखान्यात हाय म्हनतो. रजेवर आलाय. लोक म्हनत्यात, कसली बोट अन् कसलं काय, मुंबैत हाटेलात कपबश्या धुतो! लई थापाड्या हाय.”

थापाड्या! चांगुणाचा जीव एवढासा झाला. एकवीस वर्षांच्या तिनं आजवर दोन स्थळं परत पाठवली होती. एक स्वतःला तलाठी म्हणवत होता, तो निघाला तलाठ्याचा शिपाई. दुसऱ्यानं दाखवलेला बागायती मळा निघाला त्याच्या मेव्हण्याचा. गरीब चालेल, काळा चालेल, पण खोटं बोलणारा उंबऱ्याच्या आत नको, असं तिनं वडिलांना, म्हणजे आबांना, बजावून ठेवलं होतं. आणि आता मन नेमकं कुठं अडकावं तर गावातल्या एक नंबरच्या थापाड्यात!

तरी रोज संध्याकाळी ती कळशी घेऊन कॅनॉलकडच्या विहिरीवर जायला लागली. आणि गोरक्षच्या म्हशीला, का कोण जाणे, त्याच वेळी तहान लागायला लागली.

“अकापुल्को म्हनून गाव हाय,” तो सांगायचा. “मानसं उंच कड्यावरून समुद्रात उड्या मारत्यात. हातात पेटत्या मशाली!”

“मरत न्हाईत?”

“न्हाई. वर येऊन पैशे मागत्यात.”

ती पदर तोंडाला लावून हसायची. “आनि ते दुसरं गाव?”

“मासातलान. तितं एक पक्षी हाय, त्याच्या चोचीखालीच पिशवी असती. मासा पकडला की टाकला पिशवीत.”

“मग त्याला रेशनला बरं पडल!” मग जरा थांबून, कळशीच्या काठाकडे बघत – “अन्... बायका कशा हायेत तितल्या?”

“देखन्या. केसात ही मोठी फुलं. सारख्या हसत्यात.”

“मग तितंच का न्हाई ऱ्हायला?”

गोरक्षनं म्हशीच्या पाठीवरून उगाचच हात फिरवला. “रांगेत भांडनारी कुनी नव्हती ना...”

त्या दिवशी कळशी अर्धीच भरून चांगुणा घरी आली. आत्यानं विचारलं तर म्हणाली, विहिरीलाच पाणी नाही.

मग एकदा तिनं गुपचूप परीक्षा घेतली. पानाच्या डब्यातला आत्याचा चुना पळवला, मका शिजवला, भिजवला, धुतला, वाटला. भीत भीत भाकरी थापली... आणि ती तुटली नाही! तव्यावर टम्म फुगली. चांगुणाला चुलीपुढं बसल्या बसल्या रडूच आलं. खरं बोलतोय तो. सगळं खरं आहे!

तीच भाकरी आबांच्या ताटात वाढून ती म्हणाली, “आबा, काकासाहेबाचा गोरक्ष थापाड्या न्हाई.” आबांनी भाकरी खाल्ली, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. रविवारी बघायचा कार्यक्रम ठरला.

रविवारी गोरक्ष वडिलांना घेऊन आला. चहा झाला. लंकाबाई कौतुकानं म्हणाली, “आमची पोर लई कडक बरं का! दोन स्थळं माघारी धाडली, का तर खोटं बोलली म्हनून. तुमच्यासाठी मातर गावाशी भांडली.”

गोरक्षचा चेहरा उतरला. त्यानं कपबशी खाली ठेवली.

“आबा... मला कायतरी सांगायचंय.”

काकासाहेबांनी त्याच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही.

“बोटीवर मी हाय, दोन वरीस. बोट त्या गावांना लागती, तेबी खरं. पन आमाला उतरू कोन देतं? परवाशी फिरायला जायचं अन् मी बटाटं सोलायचो. भटारखान्याला ताटाएवढी गोल खिडकी हाय, तिच्यातनं दिसंल तेवढाच माझा मेक्सिको. त्या मशाली बी मी बघितल्या न्हाईत, टेबलावर वाढनाऱ्यानं सांगितलं.”

“म्हंजी थापाच की!” आबा कडाडले.

“गावात समदे इचारत्यात, काय बघितलंस? बटाटं बघितलं असं कसं सांगू? अन् मग... चांगुना ऐकायला लागली. मला थांबताच येईना.”

दाराआड चांगुणाचे कान तापले. या माणसासाठी ती साऱ्या गावाशी भांडली होती! तिला वाटलं, बाहेर जाऊन त्याचा तो निळा सदरा टराटरा फाडावा. ती बाहेर आलीही.

“अन् मक्याची भाकरी?”

“ती खरी. दोन वर्सात एकदाच उतरलो, मान्सानियोला, भाजी आनायला. चार तास मिळालं. एक म्हातारी दारात भाकरी थापत हुती. सात म्हैनं भाकरी बघितली नव्हती मी... तिच्या चुलीपुढंच बसलो. चार तास तितंच गेलं. गाव बघायचं ऱ्हाऊनच गेलं.”

मान खाली घालून बसलेल्या त्या उंच माणसाकडे चांगुणा बघत राहिली. राग होता तिथंच होता, पण त्याच्या शेजारी माया येऊन बसली होती, आणि ती काही उठायचं नाव घेईना. आधीच्या दोघांनी खोटं बोलून तिला मागितलं होतं. हा खरं बोलून तिला गमवायला निघाला होता.

“बोट कवा हाय?”

“म्हैन्यानं. धा म्हैन्यांसाठी.”

“जावा. पन आता बंदर आलं की भांडून उतरा. अन् जे सोता बघाल तेवढंच पत्रात लिवा.”

“पोरी, म्हंजी व्हय का न्हाई?” आबांना काही उलगडेना.

गोरक्षनं मान वर केली. “अन् चांगुना... जे बघायला मिळनार न्हाई, ते?”

ती लाजली, पण नजर काही तिनं खाली केली नाही.

“ते ठिवा तसंच. परत आला की दोघं मिळून रचू.”