पाच वाजताचं खोकं

"उजेड आत जाणार नाही असं खोकं हवंय," मी म्हणाले.

खोकेवाल्याने हातातली पट्टी खाली ठेवली. "आत काय ठेवणार?"

"झाड."

"मेलेलं?"

"चांगलं जिवंत आहे. रोज संध्याकाळी पाच ते सकाळी आठ त्याला अंधारात ठेवायचंय."

तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "असं काय केलं त्याने?"

"काहीच करत नाही, तेच तर दुखणं आहे. फुलतच नाही."

मी मुद्दाम हसले नाही. पण हसू आलं होतं हे त्याला कळलं असावं, कारण त्याने लगेच मान खाली घालून कानावरची पेन्सिल शोधली. ती त्याच्या हातातच होती.

आमचं चष्म्याचं दुकान आणि त्याचा खोक्यांचा कारखाना एकाच गल्लीत, समोरासमोर. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबडी खोली, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि गरम खळीचा वास. तीन वर्षं मी त्याच्या दारावरून जात-येत होते, आत शिरायला निमित्त तेवढं मिळालं नव्हतं. माणूस दिसायला बरा आहे हे रस्त्यावरूनही कळत होतं, पण ते सोडा.

झाड आत्याचं. कलांचो. जाड, रसरशीत पानं, कडा कातरल्यासारख्या, आणि पानांत पाणी साठवून ठेवायची सवय. आतोबांनी जायच्या आधी दोन महिने ते आणलं होतं, तेव्हा त्याच्यावर लाल फुलांचे झुबकेच्या झुबके होते. ते झुबके सुकले, आतोबा गेले, आणि त्यानंतर तीन वर्षं झाडाने एक कळी धरली नाही. आत्या त्याला दिवसभर दुकानाच्या खिडकीत ठेवायची, माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घालायची, पानं मऊ फडक्याने पुसायची. मला तिने लहानाची मोठी केली, पण माझे कान कधी इतक्या हळुवार हाताने पुसले नाहीत.

शेवटी मी रोपवाटिकेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, तुमच्या दुकानात नऊ-नऊ वाजेपर्यंत ट्यूबलाइट. त्याला वाटतं दिवस संपलाच नाही. सलग चौदा तास मिट्ट काळोख दे, सहा आठवडे. मध्ये पाच-दहा मिनिटं जरी उजेड दिसला तरी मुसळ केरात." म्हणून हे खोकं.

खोकेवाला माप घ्यायला स्वतः आला. झाडाची उंची घेतली, घेर घेतला, वहीत लिहिला. परत घेर घेतला. आत्याने चष्म्यावरून विचारलं, "कपडे शिवताय का त्याला?"

दोन दिवसांनी खोकं आलं. देखणं काम. एका अंगावर त्याच्या कारखान्याचा काळा गोल शिक्का. ते अंग दाराकडे ठेवा, तेवढीच जाहिरात, असं म्हणाला. पण खोकं झाडावर घालायला गेले तर बसेना. पानं दोन्हीकडून आडवी यायची, आणि ही पानं अशी, की जरा दाबलं की कट्कन मोडतात.

"एकटीने नाही जमायचं," तो म्हणाला. "तुम्ही पानं गोळा करून धरा. मी वरून सोडतो."

मी दोन्ही हातांनी पानं कवेत घेतली. तो समोरून वाकला. खोकं हळूहळू खाली आलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी मी हात काढून घेतले तेव्हा त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... लागली म्हणजे, पुठ्ठ्याएवढी जागा होती मध्ये. तरी मला दिवसभर त्या बोटापलीकडे काही सुचलं नाही. एका गिऱ्हाइकाला मी वाचायचा चष्मा लांबचा म्हणून दिला.

"हे रोजच असं करावं लागेल?" मी विचारलं.

"सहा आठवडे म्हणालात ना," तो म्हणाला. "समोरच तर आहे मी."

सकाळी खोकं काढायचं काम सोपं, सरळ वर उचललं की झालं. ते मी करायचे. संध्याकाळी पाचला मात्र तो यायचा. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून पाच मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात आत्या चहा टाकायला लागली, मग वीस मिनिटं. मी चार वाजल्यापासून काउंटरची काच पुसायला घ्यायचे. त्या काचेचं आयुष्य कमी झालं असेल माझ्यामुळे.

"तुमचे डोळे तपासू का कधी?" एकदा मी म्हटलं.

"तपासा. पण खोक्याकडे बघताना सगळं नीट दिसतं मला."

"आणि इकडेतिकडे बघताना?"

"इकडे नीट दिसतं," तो म्हणाला. "तिकडचं... फारसं लक्षात येत नाही."

आत्याने आतून कप आपटला. साखर घालायची राहिली होती त्या दिवशी.

आता मी जे केलं ते सांगते. सांगायची लाज वाटते, पण सांगते. चौथा आठवडा लागला आणि मी उरलेले दिवस मोजायला लागले. सहा आठवडे झाले, कळ्या दिसल्या, की खोक्याचं काम संपलं. खोक्याचं काम संपलं की पाच वाजताचं काम संपलं. मग तो समोर, मी इकडे, मध्ये गल्ली. "आज कसं आलात?" असं विचारायला मला एखादं दुसरं झाड आजारी पाडावं लागलं असतं.

मग एके दिवशी सात वाजता, आत्या आत हिशेबाच्या चिठ्ठ्या लावत असताना, मी खोक्याची एक कड बोटभर उचलली आणि मोबाइलची बॅटरी लावून आत सरकवली. दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आपल्या आत्याच्या झाडाशी असं कोणी वागतं का? मी वागले.

सहा आठवडे झाले. कळी नाही. सात झाले, आठ झाले. रोपवाटिकेतल्या बाई मुद्दाम येऊन बघून गेल्या. "कुठून तरी उजेड जातोय," त्या म्हणाल्या.

"माझ्या खोक्यात?" खोकेवाला म्हणाला. "सुई जाणार नाही." पण त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, बिचाऱ्याच्या कामाला नावं ठेवली म्हणून वाईट वाटलं. मनात म्हटलं, माझ्यापायी ह्याची अब्रू चालली.

त्या दिवशी तो गेल्यावर आत्या झाडाजवळ बसून राहिली. "जाऊ दे आता," ती म्हणाली. "रविवारी बाईंना देऊन टाकू. त्यांच्याकडे तरी फुलेल. ह्यांच्या माघारी ते माझ्यावर रुसलंय, दुसरं काय." तिने खोक्यावरून हात फिरवला, अंगावरून फिरवावा तसा.

मला रडू फुटायचं बाकी होतं. जिने मला वाढवलं तिला मी महिनाभर फसवत होते, आणि ती स्वतःला दोष देत बसली होती. बास, मी ठरवलं. उद्यापासून बॅटरी बंद. तो पाचला यायचा थांबला तर थांबला.

उद्यापासून, असं मी म्हटलं. आजचं काय, ते ठरवलं नव्हतं. आजचा शेवटचा दिवस, असं मनाला समजावून मी सातला खोक्याची कड उचलली आणि बॅटरी आत सरकवली. तेवढ्यात सगळ्या गल्लीची वीज गेली.

दुकानात काळोख झाला. आणि त्या काळोखात आमच्या खोक्याच्या काळ्या शिक्क्याच्या बरोब्बर मधून उजेडाची एक बारीक, सरळ रेघ बाहेर आली, थेट दारापर्यंत. मिनिटभराने बघते तर दारात खोकेवाला उभा होता. हातात मेणबत्ती, न पेटवलेली. रेघ त्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर पडली होती.

त्याने बटणाकडे बघितलं. मग शिक्क्याकडे. मग माझ्याकडे.

"आत काय आहे?" तो हळूच म्हणाला.

"बॅटरी," मी म्हणाले. "आणि... हे भोक कसलं?"

 मी जवळ जाऊन शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्का काळा, आतला अंधार काळा, त्यामुळे इतके दिवस दिसलंच नव्हतं. पेन्सिल आरपार जाईल एवढं भोक, कडा स्वच्छ कापलेल्या. उंदराचं काम नव्हतं ते.

"कधीपासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासून," तो म्हणाला. "ट्यूबलाइट समोरच आहे, म्हणून शिक्क्यातच... तुमची बॅटरी?"

"चौथ्या."

"म्हणजे मी आधी."

"ह्यात काय पहिला नंबर काढायचाय?" मी म्हणाले. "का केलंत?"

"फुललं असतं तर पाचला यायला कारण उरलं नसतं," तो म्हणाला. "मला यायचं होतं. अजून यायचंय. रोज."

"कारण मागितलं होतं कोणी तुमच्याकडे?"

"मग तुम्ही बॅटरी का लावलीत?"

मी शिक्क्यावरचं बोट काढलं. मी इकडे, तो तिकडे, मधून ती रेघ.

"झालं तुमचं?" आतल्या दारातून आत्या म्हणाली. ती केव्हापासून उभी होती, देव जाणे. "मी चष्मे विकते, डोळे विकून बसलेली नाही. ह्याचं तुझ्याकडे बघणं मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. पण झाडाच्या जिवावर?"

 मी "आत्या, चुकलं" म्हणाले, आणि मग खरंच रडले. ती येऊन स्टुलावर बसली.  मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं तीही रडतेय. हसत होती.

"म्हणजे माझ्यावर नव्हतं रुसलं ते," ती म्हणाली. "अरे देवा. मी तीन वर्षं आठवत बसले होते, ह्यांना काय काय बोलले ते." डोळे पुसून तिने खोकेवाल्याकडे बोट केलं. "ते भोक आत्ता बुजव. उद्यापासून मोजून सहा आठवडे. पाचला दोघांनी घालायचं, आठला दोघांनी काढायचं. एक दिवस चुकलात तर दोघांची गाठ माझ्याशी आहे."

"आठलाही?" खोकेवाला म्हणाला.

"का, जड जातंय?"

"नाही, नाही," तो इतक्या घाईने म्हणाला, की मेणबत्ती हातातून पडली.

सहाव्या आठवड्याच्या मंगळवारी सकाळी आम्ही खोकं उचललं आणि पानांच्या मधोमध हिरवे, मोहरीएवढे दाणे दिसले. मी आत्याला हाक मारली. पुढे पंधरा-वीस दिवसांत ते लाल झाले, उघडले, झुबक्यावर झुबका. आत्या रोज खिडकीपाशी बसून सुकलेलं एखादं फूल खुडते आणि आतोबांना काय काय सांगते. आम्ही तिकडे लक्ष देत नाही.

खोकं आता माळ्यावर गेलंय. तो पाचला येतो, कारणाशिवाय. काल चहा पिता पिता त्याने मापाची वही काढली.

"पुढच्या वर्षी नवं करावं लागेल. झाड वाढलंय," तो म्हणाला. "एक सांगू? पहिल्या वेळी मी घेर मुद्दाम एक बोट कमी धरला होता. एक बोट सैल ठेवलं असतं तर तुला एकटीला सहज जमलं असतं."

मी त्याच्याकडे बघितलं. दोनदा घेर घेतला होता ह्याने. दोनदा.

"मग? ह्या वेळी सैल करू?" तो विचारत होता. पेन्सिल वहीवर टेकवून थांबला होता, आणि कान लाल झाले होते.

"नको," मी म्हणाले. "घट्टच ठेव. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी... मला एकटीला जमता कामा नये."

त्याने मान खाली घातली आणि झाडाच्या नावापुढे नीट अक्षरांत लिहिलं: एक बोट कमी. कायम.