तिसऱ्या ठोक्याला लंगडणारं इंजिन

गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी लाइल ब्यूटनरची आई घरातून निघाली, ती परत आली नाही. पण असं काही झालेलंच नाही. शेरीफच्या कचेरीत तशी नोंद नाही, आणि नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात शेरीफच्या कचेरीत जे नाही ते घडलं असं म्हणायची पद्धत नाही. तेव्हा ते राहू द्या. आपण पिकअपबद्दल बोलू.

पिकअप १९६६ची, लाइलच्या वडिलांची. रंग कधीकाळी हिरवा. आत सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला दर तिसऱ्या ठोक्याला लंगडायची सवय. धड, धड, ढस्. वडिलांना, ऑर्वल ब्यूटनरना, जाऊन नऊ वर्षं झाली. जिवंतपणी त्यांनी ते लंगडणं दुरुस्त केलं नव्हतं आणि करूही दिलं नव्हतं, कारण लाइलच्या आईला, व्हर्नाबाईंना, तेच ओळखीचं होतं. व्हर्नाबाईंची नजर फार पूर्वी गेली होती. वाळूच्या टेकड्या, टेकड्यांवर गवत, गवतावर वारा. तिथे दुसरं काहीच नसल्यामुळे आवाज लांबून येतात. गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून फाटकात आडवे पुरलेले लोखंडी पाइप चाकांखाली खडखडले, मागोमाग ते धड, धड, ढस् आलं, की बाई टेबलावर दुसरा कप ठेवत.

मग त्यांची मूत्रपिंडं थकली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, बासष्ट मैलांवरच्या गावात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. म्हातारी पिकअप ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर पळेना, आणि सप्टेंबरात दोनदा तर आईला घेऊन चढावरच बसली. दुसऱ्या कुणी नवी गाडी घेतली असती. पण आई दुसऱ्या गाडीत पाय ठेवत नव्हती. म्हणून लाइलने तोडगा काढला: गाडी तीच, सीट तीच, सीटच्या फाटक्या जागी लावलेली पट्टीसुद्धा तीच, फक्त इंजिन नवं. गाडी म्हणजे तिचा पत्रा, असं त्या भागातल्या पुरुषांचं ठाम मत आहे. लाइल चोपन्न वर्षांचा होता आणि त्याचंही तेच होतं.

शेजारच्या रँचवरचा ड्वेन इंजिन उचलायचा चेनब्लॉक घेऊन आला. शेजारची म्हणजे नऊ मैलांवरची. उलटून पडलेल्या एका नव्या पिकअपचं आठ सिलिंडरचं इंजिन त्याने आधीच मिळवून तयार ठेवलं होतं. शनिवारी दुपारी दोघं भिडले. प्रत्येक तारेला चिकटपट्टीची चिठ्ठी, प्रत्येक डब्यावर नाव. जुन्या इंजिनाचे सहा प्लग काढून अंड्यांच्या पुठ्ठ्यात ओळीने ठेवले. तेल काढलं, कार्ब्युरेटर उतरवला, भोकांत चिंध्या कोंबल्या आणि ते धूड शेडमध्ये लोखंडी घोडीवर चढवलं. नवं आत बसेना, तेव्हा ड्वेनने केबिनच्या पुढच्या पत्र्यावर हातोडा चालवला.

मंगळवारी सकाळी सातला काम संपलं तेव्हा सात बोल्ट उरले होते.

"उरले तर ठीक," ड्वेन म्हणाला. "कमी पडले असते तर मी घरी गेलो असतो."

व्हर्नाबाई पर्स घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी मडगार्डवरून हात फिरवला, वासराने पाडलेला पोचा सापडला. सीटवर बसून पट्टी चाचपली. सगळं जागच्या जागी. लाइलने चावी फिरवली. नव्या इंजिनाने एका दमात, एकसारखा, मऊ आवाज धरला. लाइलला अभिमान वाटला, तो साधारण चार सेकंद टिकला.

बाई दार उघडून खाली उतरल्या.

"आई, काय झालं?"

"मी अनोळखी माणसाबरोबर जात नाही."

"अगं, मी आहे. लाइल."

"तू आहेस रे," त्या म्हणाल्या. "तुझ्याबरोबर तो कोण आहे?"

मंगळवार गेला. गुरुवारी लाइलने गयावया केली, चिडला, मग माफी मागितली. त्याही दिवशी त्या गेल्या नाहीत. घोटे सुजले. डायलिसिस केंद्रातल्या नर्सने फोनवर सरळ सांगितलं की शनिवारही चुकला तर पुढच्या मंगळवारची वाट बघायला त्या असतील याची खात्री नाही.

गुरुवारीच दुपारी लाइलच्या लक्षात आलं की शेडमधलं मांजर घोडीवरच्या जुन्या इंजिनावर झोपतंय. त्याने हात लावला. इंजिन कोमट होतं, दूर जाऊन आल्यासारखं.

ड्वेनने पत्र्याच्या छपरावर ठपका ठेवला. ऊन लागतं, लोखंड तापतं. शुक्रवारी आभाळ भरलेलं होतं आणि इंजिन गुरुवारपेक्षा गरम होतं. ड्वेनने तेलाची पट्टी ओढून पाहिली. रिकाम्या केलेल्या इंजिनात खुणेपर्यंत तेल होतं, मधासारखं स्वच्छ. त्याने पट्टी पुसली, परत घातली आणि बराच वेळ टोपी नीट केली.

"परत बसवू या, लाइल. दोन दिवसांचं काम."

लाइलने अंगणात बघितलं. नवं इंजिन बॉनेटखाली चकाकत होतं. एवढी मेहनत घेतली होती. दोन दिवस धरले तर शनिवार हातचा जात होता, हेही खरं. पण खरं कारण ते नव्हतं.

"अजून एकदा समजावून बघतो," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने नंतर पुष्कळदा मनात म्हणून पाहिलं. कोणत्याही सुरात ते बरं लागत नाही.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "उद्याची काळजी करू नकोस. हे नेतो म्हणालेत."

शनिवारी सकाळी आठला लाइल कुरणात गुरांना पेंढ्या टाकत होता. वारा पडला होता. फाटकातले पाइप खडखडले.

मग आवाज आला. धड, धड, ढस्.

तो धावला.

टेबलावर दोन कप. दोन्ही रिकामे. खुर्चीवर तिचा राखाडी स्वेटर.

पिकअप अंगणात उभी. बॉनेट गार.

शेडमध्ये जुनं इंजिन घोडीवर होतं. भोकांत चिंध्या होत्या, प्लग अंड्यांच्या पुठ्ठ्यात होते. मांजर हातभर लांब बसलं होतं. लाइलने तळवा टेकवला आणि भाजून मागे घेतला.

टेकड्या धुंडाळून तो परतला तेव्हा, दुपारी साडेबाराला, फोन वाजला. नर्स होती, आनंदात. व्हर्नाबाई वेळेवर पोचल्या, मशीनचा आता तासभरच उरलाय. आणणारे गृहस्थ आत येत नाहीत, बाहेर गाडीतच बसलेत, टोपीला हात लावून नमस्कार करतात. "फक्त इंजिन बंद करत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही सांगून बघा."

लाइलने नवं इंजिन ऐंशीवर नेलं. रस्ता एकच आहे. वाटेत समोरून कुणी आलं नाही. तो पोचला तेव्हा त्या दहा मिनिटांपूर्वीच गेल्या होत्या. खुर्ची अजून उबदार होती.

घरी त्या आल्या नाहीत.

मंगळवारी केंद्रात आल्या. गुरुवारीही. शेरीफने केंद्राची वही बघून सांगितलं की जी बाई आठवड्यातून तीनदा सही करते तिला हरवलेली म्हणता येत नाही. लाइल एकदा पहाटेपासून केंद्रात जाऊन बसला. त्या दिवशी त्या आल्याच नाहीत. ड्वेनची गाडी घेऊन गेला, तेच. दोघांनी जुनं इंजिन घोडीवरून उतरवलं, त्या दिवशीही नाही. पुढच्या वेळी नर्सने सांगितलं की पाय फार सुजले होते. लाइलने इंजिन परत चढवलं.

तेव्हापासून लाइल जात नाही. आठवड्यातले ते तीन दिवस तो शेडच्या दाराशी उभा राहतो आणि इंजिन गरम आहे एवढं बघतो. आईने नर्सजवळ एकदा निरोप दिला होता: मी ह्यांच्याबरोबर आहे, तू जेवून घेत जा.

ख्रिसमसच्या आधी त्याने केंद्राला अर्ज पाठवला. त्याची पोचही अजून आलेली नाही.

"विषय: श्रीमती व्हर्ना ब्यूटनर यांच्या उपचाराची वेळ. महोदय, नम्र विनंती की, आपल्या सोयीच्या कोणत्याही एका दिवशी, त्यांना आगाऊ न कळवता, सदर उपचार दहा मिनिटं उशिरा संपवावा. त्यांचा स्वेटर सोबत जोडला आहे. तसेच बाहेर थांबणाऱ्या गृहस्थांना तेवढी दहा मिनिटं इंजिन बंद ठेवण्याची समज द्यावी. अर्जदार मैलभर अलीकडे गाडी उभी करून पायी येईल, आणि आत आल्यावर काहीही बोलणार नाही."